जलसंधारणाचं काम झालं, पाणी वाढलं का? आकड्यांनी तपासण्याची रीत

दर उन्हाळ्यात माझ्याकडे साधारण एकच तक्ता येतो. गाव बदलतं, संस्था बदलते, पीएच.डी. करणारा विद्यार्थी बदलतो, पण तक्ता तोच. डाव्या रकान्यात ‘योजनेपूर्वी’, उजव्या रकान्यात ‘योजनेनंतर’ आणि खाली निष्कर्ष: पाणीपातळी तीन मीटरनं वाढली, योजना यशस्वी. डावा आकडा मे २०१६चा असतो आणि उजवा मे २०१७चा. मधल्या काळात काय झालं होतं? २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस हुकला. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नद्यांना पूर आले. तो तक्ता पाऊस मोजतोय, योजना नाही. जिथं एकही बांध घातला नाही त्या गावाच्या विहिरीसुद्धा त्या वर्षी भरल्या.

म्हणून ही रीत लिहून काढतोय. उदाहरण जलयुक्त शिवारचं घेतलंय, कारण ती योजना डिसेंबर २०१४पासून टप्प्याटप्प्यानं झाली आणि तिच्या नोंदी तालुक्याला मिळतात. पण शेततळी, पोषण आहार, रस्ते, कशाचंही मूल्यमापन करायचं असलं तरी पायऱ्यांचा क्रम हाच राहतो. एक्सेल येत असेल तर पुरे. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तारीख टाका

‘योजनेचा परिणाम अभ्यासणे’ हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: ‘अमुक तालुक्यात २०१५-१६च्या टप्प्यात घेतलेल्या गावांमध्ये, काम पूर्ण झाल्यानंतरच्या तीन वर्षांत, योजना झाली नसती तर जो रब्बीचा पेरा राहिला असता त्यापेक्षा तो किती जास्त राहिला?’ वाक्य लांबलचक आहे, पण त्यात कोणती गावं, कोणता काळ, कोणतं माप आणि कशाशी तुलना हे चारही ठरलंय. ‘नसती तर’ हे शब्द विसरू नका. पुढची सगळी खटपट त्याच दोन शब्दांसाठी आहे.

हे वाक्य कागदावर लिहा, खाली तारीख टाका, एखाद्या सहकाऱ्याला मेल करून ठेवा. आकडे पाहिल्यावर प्रश्न बदलायचा मोह होतो, आणि तो होतोच. पेऱ्यात काही दिसलं नाही की माणूस टँकरकडे वळतो, टँकरमध्ये नाही दिसलं की दुधाकडे. दहा मापं तपासली तर एखादं निव्वळ योगायोगानंही चमकू शकतं.

२. काय मोजायचं ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. लोक नेमकं इथंच घाई करतात.

पहिला गोंधळ साठवणक्षमतेचा. अहवालात ‘इतके टीसीएम साठवण निर्माण झाली’ असं असतं. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. हा आकडा कामाच्या मापावरून काढलेला असतो, पाण्याच्या नाही. सिमेंट नाला बांध बांधला, त्याची लांबी-रुंदी-खोली धरली, झाला आकडा. पाऊसच आला नाही किंवा बांध गाळानं भरला तरी तो कागदावर तेवढाच राहतो. त्याला केलेलं काम म्हणा. परिणाम म्हणू नका.

दुसरं माप भूजलपातळी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. यातला कोणता महिना घ्यायचा? बहुतेक जण ऑक्टोबर घेतात, कारण तेव्हा आकडा सुंदर दिसतो. पण आपल्याकडचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि भेगांत. चांगल्या पावसाच्या वर्षी तो थर सगळीकडेच भरतो, योजनेच्या गावातही आणि शेजारच्या गावातही. रांजण भरला की वरून आणखी ओतून उपयोग नाही. त्यामुळं भल्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोन्ही गावं सारखीच दिसतील आणि तुम्ही म्हणाल, योजनेनं काही झालं नाही. फरक असलाच तर तो जानेवारी-मार्चात दिसायला हवा.

तिथं दुसरी मेख आहे. विहिरीला पाणी आहे म्हटल्यावर शेतकरी गप्प बसत नाही. ज्वारीच्या जागी गहू येतो, गव्हाच्या जागी ऊस. उपसा वाढतो आणि मार्चात पातळी पूर्वीइतकीच खाली जाते. पातळी तीच, पण त्या पाण्यावर एक पीक जास्त निघालं. नुसती पातळी पाहणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा: पातळीबरोबर रब्बीचा आणि बागायतीचा पेरा घ्याच, आणि दोन्हींपैकी मुख्य माप कोणतं ते आधीच लिहून ठेवा.

टँकरची संख्या हे तिसरं माप. ते सोपं दिसतं आणि फसवं आहे. टँकर गावाच्या प्रस्तावावर, पाहणीनंतर, मंजुरीनं सुरू होतो. प्रस्ताव द्यायला सरपंच किती तत्पर आहे, आधी विहीर अधिग्रहण करून भागवलं का, यावर संख्या हलते. त्याहून वाईट म्हणजे, ‘टंचाईमुक्त’ म्हणून जाहीर झालेल्या गावाला टँकर मागणं अवघड जातं. योजनेचा शिक्काच माप बदलून टाकतो. टँकर घ्या, पण मुख्य माप म्हणून घेऊ नका.

> सावधान: पातळी ‘जमिनीखाली इतके मीटर’ अशी लिहिलेली असते. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. दरवर्षी कुणीतरी हे उलटं वाचतं आणि आलेख डोक्यावर उभा राहतो.

३. तुलनेची गावं निवडा

आकडे मागवण्याआधी हे करा.

योजनेची गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. राज्यातल्या १८८ तालुक्यांत भूजलपातळी दोन मीटरपेक्षा जास्त घटली होती, आणि ती घट या योजनेमागचं एक कारण होती. म्हणजे वाईट अवस्थेतली गावं आधी आली. जे फार खाली गेलेलं असतं ते पुढच्या खेपेला काहीही न करता थोडं वर येतंच. परीक्षेत एकदा फार कमी गुण पडलेला मुलगा पुढच्या वेळी बहुधा थोडे जास्त मिळवतो, शिकवणी लावो न लावो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. योजनेच्या गावांचीच आधी-नंतरची तुलना केली तर हे परतणं फुकटात योजनेच्या खात्यावर जमा होतं.

तुलनेचं गाव निवडताना हे पाहा:

- महसूल मंडळ तेच हवं, म्हणजे पावसाची नोंद एकाच केंद्राची राहते.
- जमीन त्याच जातीची. नदीकाठचं काळ्या रानाचं गाव आणि बालाघाटाच्या डोंगरावरचं माळरान एका रांगेत बसवू नका.
- योजनेआधीच्या चार-पाच वर्षांत त्याच्याही विहिरींची अवस्था तितकीच वाईट हवी.
- कालव्याच्या लाभक्षेत्रात एक आत आणि एक बाहेर, असं नको.

सगळ्यात चांगली तुलना योजनेनंच हातात दिलीय. गावं दरवर्षी टप्प्यानं घेतली गेली. २०१५-१६च्या गावांची तुलना २०१७-१८ किंवा २०१८-१९मध्ये घेतलेल्या गावांशी करा, पण फक्त त्यांच्याकडे काम सुरू होईपर्यंतच्या वर्षांची. दोन्ही प्रकारची गावं शेवटी निवडीच्या चाळणीतून गेलेली असतात, त्यामुळं ती एकमेकांसारखी असण्याची शक्यता जास्त. उलटा प्रकार करू नका. आधीच काम झालेलं गाव नंतरच्या गावासाठी ‘योजना नसलेलं’ म्हणून बसवलं की हिशेब बिघडतो.

> तपासणी: नकाशा काढा आणि नाल्यावर बोट फिरवा. तुलनेचं गाव योजनेच्या गावाच्या खालच्या अंगाला त्याच नाल्यावर असेल तर ते वगळा. वर नाला खोल केला, पाणी अडवलं, तर खालच्या गावाला कमी येतं. खालचं खंगलं की वरचं आपोआप भरभराटीला आलेलं दिसतं.

> तपासणी: त्याच काळात दुसरं काय चालू होतं? ‘मागेल त्याला शेततळे’ २०१६चं. पाणी फाउंडेशनची गावांच्या श्रमदानाची वॉटर कप स्पर्धाही २०१६लाच सुरू झाली आणि पहिल्या तीन तालुक्यांत बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई होता. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८पासून. प्रत्येक गावापुढं या योजनांचे हो-नाही रकाने ठेवा. अंबाजोगाईच्या एखाद्या गावात जलयुक्तचा वाटा किती आणि श्रमदानाचा किती, हे तुमच्या तक्त्यातून सुटं होणार नाही. होत नाही, एवढं प्रामाणिकपणे लिहा.

४. किती गावं लागतील, ते कागदावर काढा

समजा, गावागावांतल्या पातळीतल्या बदलाचा स्वाभाविक पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, २ मीटर आहे. २० योजनेची आणि २० तुलनेची गावं घेतली तर दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगानं तो साधारण किती हलू शकतो ते माप, २ × √(२/२०), म्हणजे ०.६३ मीटर येते. ती साधारण दुप्पट केली की १.२६. याचा अर्थ सव्वा मीटरपेक्षा लहान परिणाम गोंगाटात बुडून जाईल. ही अनिश्चितता निम्मी करायची तर गावं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात: ८० आणि ८०. मग एका तालुक्यात भागणार नाही, शेजारचे तालुके घ्यावे लागतील. हा हिशेब आधी केला तर चार गावांवरून जिल्ह्याबद्दल बोलायची वेळ येत नाही.

५. माहिती मागवा

गावनिहाय कामांची यादी कृषी विभाग आणि पंचायत समितीकडे, पेरा तलाठ्याकडे, पाऊस तहसीलमध्ये आणि संकेतस्थळावर, विहिरींची पातळी भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात. तोंडी मागून मिळालं तर ठीक. नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘योजनेची सर्व माहिती’ लिहिलं की मोघम म्हणून परत येतो. वर्ष, तालुका, रकान्यांची नावं लिहा. ‘उपलब्ध असल्यास एक्सेल फाइल सीडीवर’ हेही लिहा, नाहीतर वेड्यावाकड्या झेरॉक्स टंकत बसाल.

राज्यात चाळीस हजारांवर गावं आणि जुन्या सलग नोंदी असलेल्या निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेक गावांना स्वतःची निरीक्षण विहीर नाही. शेजारच्या गावाच्या विहिरीचा आकडा उचलून या गावापुढं लिहायचा नाही. त्या गावापुढं रकाना रिकामा राहू द्या.

मोजण्याची पद्धत कधी बदलली तेही विचारा. ई-पीक पाहणी २०२१मध्ये आली. त्याआधी तलाठी नोंद करायचा, आता शेतकरी मोबाइलवरून करतो. पावसाचंही तसंच: महावेधची स्वयंचलित केंद्रं २०१७पासूनची, त्याआधीच्या नोंदी हातानं घेतलेल्या. दोन्ही प्रकारच्या गावांत पद्धत एकाच वेळी बदलली असेल तर तुलनेत ती बरीचशी कटते. एकाच गावाचं आधी-नंतर पाहणाऱ्याला मात्र ती खड्ड्यात घालते.

६. तक्ता साफ करा

कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या चुका इथल्याच.

*गावांची नावं.* पिंपळगाव, वडगाव, बोरगाव प्रत्येक तालुक्यात सापडतात, काही तालुक्यांत दोन-तीन. नावावरून दोन तक्ते जोडू नका. २०११च्या जनगणनेचा सहा अंकी गावक्रमांक घ्या आणि त्यावरूनच जोडा. जिल्ह्यांची नावं जुन्या फायलींत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी येतील. एक्सेलला ती वेगवेगळीच वाटणार.

*निरंक.* सरकारी तक्त्यात ‘निरंक’, आडवी रेघ आणि रिकामी चौकट असे तीन प्रकार दिसतात. निरंक म्हणजे शून्य. रिकामी म्हणजे माहिती नाही. रेघ म्हणजे ज्यानं भरलं त्यालाच ठाऊक, फोन करा. रिकाम्या जागी शून्य टाकलं तर विहीर जमिनीच्या पातळीपर्यंत तुडुंब भरल्याची नोंद होते.

*आकड्यांची लिपी.* देवनागरीत टंकलेले अंक एक्सेल पुष्कळदा अक्षरं म्हणून धरतं आणि बेरजेत घेत नाही. बेरीज चुपचाप कमी येते, कसली सूचना येत नाही. आधी सगळे अंक एका लिपीत आणा.

*कठडा.* हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. एका गावात आम्ही टेप सोडून पातळी घेत होतो. दोन वर्षं आकडे नीट जुळले. तिसऱ्या वर्षी विहीर एकदम पाऊण मीटर खाली गेलेली, आणि शेजारच्या विहिरी जागच्या जागी. आम्ही उपसा, बोअर, ऊस अशी कारणं शोधली. शेवटी मालक म्हणाला, ‘सर, औंदा कठडा बांधला की.’ आमचा मोजणीचा मुलगा नव्या कठड्यावरून टेप सोडत होता. तेव्हापासून प्रत्येक विहिरीच्या नोंदीत मापबिंदू कुठं आहे आणि तो जमिनीपासून किती उंच आहे, हे लिहितो आणि ती उंची वजा करतो. आणि मोटर नुकती बंद केलेली असेल तर माप घेत नाही. रात्रभर मोटर बंद राहिलेल्या विहिरीचं पहाटेचं माप सगळ्यात बरं. जुनी माणसं पाणी परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, सांगतात. ते ऐका, वहीत लिहा, पण मीटरच्या रकान्यात भरू नका.

> तपासणी: प्रत्येक रकान्याचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा काढा. पातळी ऋण, पेरा गावाच्या क्षेत्रापेक्षा जास्त, पाऊस दिवसाला ९०० मिलिमीटर, असलं काही दिसलं तर मूळ कागद पाहा. मनानं दुरुस्त करू नका.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत घ्या, प्रतीत बदल करा, प्रत्येक बदल वेगळ्या पानावर टिपा.

७. आधीचा कल पाहा

योजनेआधीची किमान चार वर्षं घ्या, दोन्ही गटांची सरासरी काढा आणि एका आलेखावर दोन रेषा. उंची वेगळी असली तरी चालेल, चाल सारखी हवी. एकीची उतरण चालू आणि दुसरी सपाट, असं असेल तर ती गावं तुलनेला लायक नाहीत. तिसऱ्या पायरीवर परत जा.

मग खोट्या वर्षाची चाचणी. समजा योजना २०१२लाच आली होती, असं धरून, फक्त खरी योजना येण्याआधीची वर्षं घेऊन, पुढचा सगळा हिशेब करा. परिणाम शून्याच्या आसपास यायला हवा. जी योजना आलीच नव्हती तिचाही ‘परिणाम’ दिसत असेल तर गडबड तुमच्या तुलनेत आहे.

८. फरकातला फरक काढा

आता खरा हिशेब, आणि तो चार आकड्यांचा आहे. सरावासाठी काल्पनिक आकडे घेऊ. योजनेच्या गावांत पातळी आधी ११.४ मीटर खाली, नंतर ८.१. सुधारणा ३.३ मीटर. तुलनेच्या गावांत आधी ९.८, नंतर ७.२. सुधारणा २.६. योजनेच्या नावावर जमा होईल ते ३.३ उणे २.६, म्हणजे ०.७ मीटर. उरलेले २.६ मीटर पावसाचे आणि इतर कशाचे.

प्रत्यक्षात एकेक वर्ष घेऊ नका. प्रत्येक गावाची योजनेआधीच्या वर्षांची सरासरी आणि नंतरच्या वर्षांची सरासरी काढा आणि त्यांतला फरक एका रकान्यात लिहा. एक गाव, एक आकडा. लोक ४० गावं गुणिले ८ वर्षं म्हणजे ३२० नोंदी धरून रिग्रेशन (एका मापावर इतर गोष्टींचा प्रभाव किती ते काढणारं गणित) चालवतात आणि पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, अगदी लहान आलं म्हणून खूश होतात. एकाच विहिरीची आठ वर्षं म्हणजे आठ वेगळ्या साक्षी होत नाहीत. ती विहीर आठ वेळा बोललीय, एवढंच. आर वापरत असाल तर गावनिहाय गट धरून प्रमाण त्रुटी काढा. एक्सेलमध्ये एका गावाला एक आकडा ही रीतच पुरेशी.

गावं वेगवेगळ्या मंडळांतली असतील तर पावसाचा रकाना रिग्रेशनमध्ये घाला, आणि नुसती वर्षाची बेरीज घालू नका. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. असल्या चार दिवसांत वाहून गेलेलं पाणी आणि रिमझिम मुरलेलं पाणी बेरजेत सारखंच दिसतं. पावसाळी दिवसांची संख्या वेगळ्या रकान्यात घ्या.

९. चिठ्ठ्यांची चाचणी

आलेला ०.७ हा योगायोग तर नाही? यासाठी मला आवडणारी रीत साधी आहे आणि ग्रामसभेतही समजते. चाळीस गावांचे चाळीस फरक चाळीस चिठ्ठ्यांवर लिहा. टोपीत टाका, हलवा, वीस काढा आणि त्यांना ‘योजनेची’ म्हणा. उरलेली वीस ‘तुलनेची’. सरासरीतला फरक काढा, टिपा. पुन्हा टोपीत. एक्सेलमध्ये रँड फंक्शननं हेच हजार वेळा करता येतं. हजारांपैकी अडीचशे वेळा नुसत्या चिठ्ठ्यांनीच ०.७ किंवा जास्त फरक दिला, तर तुमचा ०.७ विशेष काही नाही. वीस वेळाच दिला, तर दखल घ्यावी.

चौथ्या पायरीवरची त्रुटी इथं लावली तर आपल्या काल्पनिक उदाहरणातला खरा परिणाम उणे ०.५६ ते अधिक १.९६ मीटर यांमध्ये कुठंही असू शकतो. यावरून ‘योजना अयशस्वी’ असं लिहिणं ही ‘यशस्वी’ लिहिण्याइतकीच मोठी चूक आहे. ‘फायदा सिद्ध झाला नाही’ आणि ‘फायदा झाला नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि बातमीच्या मथळ्यात ते पहिल्यांदा नाहीसं होतं.

१०. लिहा आणि गावात वाचून दाखवा

अहवालाच्या पहिल्या पानावर मुख्य आकडा, त्याची खालची-वरची मर्यादा, गावांची संख्या आणि वगळलेल्या गावांची कारणं. पहिल्या पायरीवर लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं छापा. नंतर सुचलेल्या तपासण्या ‘नंतर सुचलेल्या’ अशाच नावाखाली.

छापण्याआधी किमान तीन गावांत तक्ता घेऊन बसा. तलाठी, एक-दोन विहीरमालक, आणि ज्यांच्या शेताजवळ बांध झालाच नाही असा एखादा शेतकरी, एवढी माणसं हवीत. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा: या विहिरीला मार्चात इतकं पाणी होतं, इतक्या एकरावर हरभरा होता. कुणीतरी म्हणेलच, ‘ही विहीर तर चार वर्षांखाली बुजवली’ किंवा ‘तो बांध आमच्या शिवारात नाही, पलीकडच्यात आहे.’ वही उघडी ठेवा, नोंद घ्या, आणि सहाव्या पायरीपासून हिशेब पुन्हा चालवा.